योकोझुना अकेबोनो: पडायला शिकलेला पैलवान

सुमोच्या उतरंडीत योकोझुना हे सर्वांत वरचे पद असून, एकदा ते मिळालेला मल्ल पुन्हा कधीही खालच्या पदावर येत नाही. इतर मल्लांचे तसे नाही. वर्षातून सहा मोठ्या स्पर्धा होतात, प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते, पंधरापैकी आठ लढती जिंकणारा साधारणपणे वर सरकतो आणि आठ हरणारा खाली घसरतो. योकोझुना मात्र हरू लागला तर त्याच्यापुढे निवृत्तीशिवाय दुसरी वाट उरत नाही. माएगाशिरा, म्हणजे सर्वोच्च विभागातील सर्वांत खालच्या दर्जाच्या, एखाद्या मल्लाने त्याला पाडले, तर प्रेक्षक आपल्या बसायच्या गाद्या आखाड्याच्या दिशेने भिरकावतात आणि त्या विजयाबद्दल त्या मल्लाच्या मानधनात त्याच्या उरलेल्या कारकिर्दीपुरती कायमची भर पडते. योकोझुनाच्या पडण्याची अशी नोंद होते आणि ती पुसली जात नाही. ज्या माणसाने हे ओझे आठ वर्षे वाहिले आणि नंतर दुसऱ्याच प्रकारच्या रिंगमध्ये उतरून, लोकांसमोर पाठीवर पडण्याची कला नवशिक्यासारखी शिकून घेतली, त्या अकेबोनोविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

त्याचे मूळ नाव चॅड रोवन. जन्म ८ मे १९६९ रोजी, हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरील वाइमानालो गावात. शाळेत असताना तो बास्केटबॉल खेळत असे आणि त्याच खेळाच्या शिष्यवृत्तीवर तो हवाई पॅसिफिक विद्यापीठात गेला, पण ते शिक्षण पूर्ण न करता १९८८ साली जपानला रवाना झाला. त्याला नेणारा होता अझुमाझेकी ओयाकाता (ओयाकाता म्हणजे वस्ताद), पूर्वाश्रमीचा मल्ल ताकामियामा. हाही हवाईचाच, १९७२ साली सर्वोच्च विभागाचे विजेतेपद मिळवणारा पहिला परदेशी मल्ल आणि पुढे स्वतःची तालीम चालवणारा पहिला परदेशी वस्ताद. अशा अनुभवी माणसालाही या मुलाबद्दल सुरुवातीला शंका होती. सुमोत बुटका, रुंद, जड कमरेचा मल्ल स्थिर मानला जातो, आणि हा तर दोन मीटरहून उंच, पाय लांबसडक, शरीराचा तोल वरच्या बाजूला. मल्लाची पारख करणाऱ्या कोणाही माणसाने त्याला नकारच दिला असता.

जपानमध्ये तालमीला हेया म्हणतात. आपल्याकडे कुस्ती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिथले जीवन फारसे परके वाटणार नाही. मुले तालमीतच राहतात, पहाटे उठून उपाशीपोटी मेहनत करतात, वरिष्ठांची सेवा करतात, स्वयंपाक करतात आणि सगळ्यांचे उरकल्यावर जेवतात. आमच्या नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूला ज्या तालमीत मी लहानपणापासून जात आलो, तिथेही नव्या मुलाने आधी हौदातली माती खणायची, तिच्यात ताक, हळद, तेल मिसळायचे, थोरल्या पैलवानांचे अंग रगडायचे आणि मगच जोडीला उभे राहायचे, अशी रीत होती. हेयाची शिस्त याहून पुष्कळ कडक असते, आणि चॅड रोवनला तर भाषाही येत नव्हती. अठरा वर्षांच्या त्या मुलाने जेवण, झोप, बोलणे, केसांची ठेवण, स्वतःचे नाव, सारे काही बदलले. मार्च १९८८ मध्ये त्याने पदार्पण केले आणि पहिल्या स्पर्धेपासून सलग अठरा स्पर्धांत त्याच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा अधिक राहिली.

त्याच महिन्यात पदार्पण करणाऱ्या इतर मुलांची नावे पाहिली की त्याच्या वाटचालीचे मोल कळते. ताकानोहाना आणि वाकानोहाना हे दोन सख्खे भाऊ त्याच तुकडीतले. वडील ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या लगेच खालच्या पदावरचे, काका योकोझुना, घराण्यातच सुमो, आणि सारा जपान त्यांच्यावर जीव टाकणारा. पुढे ओझेकी झालेला काइओही त्यांच्याच बरोबरचा. हे दोघे भाऊ नंतर योकोझुना झाले, परंतु त्यांच्या आधी ते पद मिळवले हवाईच्या या उंच मुलाने.

ते कसे मिळाले, हे समजण्यासाठी कोनिशिकीची आठवण ठेवावी लागते. कोनिशिकीही हवाईचाच, अतिशय वजनदार आणि लोकप्रिय ओझेकी. १९९२ साली त्याला योकोझुनापद द्यावे की नाही यावर जपानमध्ये मोठा वाद झाला. या पदासाठी सलग दोन विजेतेपदे किंवा त्या तोडीची कामगिरी लागतेच, शिवाय मल्लाच्या अंगी त्या पदाला शोभणारी प्रतिष्ठा आहे की नाही हेही पाहिले जाते, आणि परदेशी माणसाच्या अंगी ती असू शकते का, असा प्रश्न उघडपणे विचारला गेला. कोनिशिकीला ते पद कधीच मिळाले नाही. त्यानंतर काही महिन्यांतच अकेबोनोने नोव्हेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकली. त्या वेळी एकही योकोझुना सक्रिय नव्हता, ते स्थान रिकामे होते, आणि आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो चौसष्टावा योकोझुना झाला. जपानबाहेर जन्मलेल्या मल्लाला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्या मातीतही बाहेरून आलेले मल्ल मोठे झाले आहेत. उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथसिंह कोल्हापूरच्या तालमीत वाढले, १९६६ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि आपल्या लोकांनी त्यांना मनापासून आपले मानले. ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. अकेबोनोच्या बाबतीत हे आपलेपण उशिरा, थोडे थोडे आणि पुष्कळ अटींसह आले. १९९६ साली त्याने जपानचे नागरिकत्व घेतले, कारण त्याशिवाय निवृत्तीनंतर सुमो संघटनेत वस्ताद म्हणून राहता येत नाही. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला योकोझुनाचा विधी करण्याचा मान आजारी ताकानोहानाच्या जागी त्याला मिळाला. जगभरच्या प्रेक्षकांसमोर जपानच्या वतीने पाय आपटून भूमी शुद्ध करणारा तो मल्ल वाइमानालोचा होता.

त्याच्या लढण्याबद्दल थोडे सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सुमोचा आखाडा ४.५५ मीटर व्यासाचा असतो. पायांच्या तळव्यांशिवाय शरीराचा कोणताही भाग मातीला लागला किंवा पाऊल वर्तुळाबाहेर गेले की लढत संपते, आणि बहुतेक लढती काही सेकंदांतच संपतात. अकेबोनोने आपल्या उंचीची उणीव लांब हातांनी भरून काढली. उठताक्षणी तो प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आणि गळ्यावर उघड्या तळव्यांचे ढकले इतक्या वेगाने मारीत असे की समोरच्याला त्याच्या लंगोटापर्यंत पोहोचताच येत नसे. ऐन उमेदीत त्याचे वजन २३० किलोंच्या घरात होते. १९९३ साली सहापैकी चार स्पर्धा त्याने जिंकल्या. त्यांतील जुलैच्या स्पर्धेत तो, ताकानोहाना आणि वाकानोहाना असे तिघे बरोबरीत राहिले, तेव्हा निर्णायक फेरीत त्याने दोन्ही भावांना एकापाठोपाठ हरवले. मी त्या लढतींची चित्रफीत अनेकदा पाहिली आहे, आणि त्याच्या आयुष्यातील ते सर्वांत भरघोस क्षण होते असे माझे ठाम मत आहे.

पण त्याचा देह ज्या गुडघ्यांवर उभा होता त्यांनी लवकरच त्रास द्यायला सुरुवात केली. १९९४ नंतर दुखापती, शस्त्रक्रिया, स्पर्धांतून माघार असे चक्र सुरू झाले. ताकानोहाना त्याच्या पुढे निघून गेला. तरीही अकेबोनो २००० साली दोनदा विजेता ठरला आणि अकरा विजेतेपदे नावावर घेऊन जानेवारी २००१ मध्ये निवृत्त झाला.

निवृत्त योकोझुनाला संघटनेत पाच वर्षे आपल्या नावाने वस्ताद म्हणून राहता येते. त्यापुढे कायम राहायचे असेल तर वस्तादपदाच्या मोजक्या जागांपैकी एक मिळवावी लागते आणि तिला फार मोठा पैसा लागतो. अकेबोनोने ती मुदत पूर्ण होण्याआधीच, नोव्हेंबर २००३ मध्ये, संघटना सोडली आणि के-वन या किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत उतरण्याचे जाहीर केले. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ३१ डिसेंबर २००३ रोजी, नागोया येथे बॉब सॅप या धिप्पाड अमेरिकन लढवय्याने त्याला पहिल्याच फेरीत ठोशांनी जमिनीवर पालथे पाडले. वर्षअखेरच्या त्या रात्री जपानमध्ये सार्वजनिक वाहिनीवरचा गाण्यांचा कार्यक्रम घरोघरी पाहिला जातो, आणि ही लढत चालू असताना काही मिनिटे तिचे प्रेक्षक त्या कार्यक्रमाच्याही पुढे गेले होते. त्यामुळे योकोझुनाचे ते पडणे अख्ख्या देशाने एकाच वेळी पाहिले. २०२४ साली त्याच्या निधनाची बातमी आली तेव्हा आमच्या तालमीतल्या मुलांच्या मोबाइलवरही तेच एक छायाचित्र फिरत होते. त्यांना अकेबोनो ठाऊक होता तो एवढाच.

त्या पराभवाला मी लाजिरवाणा म्हणत नाही, कारण त्याची कारणे साधी आणि शारीरिक आहेत. सुमोच्या मल्लाचा दम काही सेकंदांच्या स्फोटासाठी घडवलेला असतो, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांसाठी नाही. सुमोत मूठ वळून मारणे निषिद्ध आहे, म्हणून मूठ चुकवण्याची सवय लागतच नाही. गुडघे आधीच गेलेले, वय चौतीस, आणि तयारीला दोन महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. आपल्याकडचा उत्तम मातीतला पैलवान उद्या बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उभा केला तर काय होईल, याचा विचार ज्याला करता येतो त्याने या माणसाला हसू नये. त्या प्रकारात त्याला केवळ एकच लढत जिंकता आली. मिश्र युद्धकलेच्या चारही लढती हरला, त्यांत ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने त्याला जमिनीवर खांद्याचा पेच टाकून हार मानायला लावले. ही वर्षे त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत कोरडी आहेत आणि तिथे जास्त रेंगाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

व्यावसायिक कुस्तीकडे, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसाठी खेळल्या जाणाऱ्या कुस्तीकडे, वळणारा तो पहिला सुमो मल्ल मुळीच नव्हता. जपानमध्ये हा खेळ घरोघरी पोहोचवला तोच मुळी एका सुमो मल्लाने. कोरियात जन्मलेला रिकिदोझान सुमोत ओझेकीच्या खालच्या सेकिवाके पदापर्यंत पोहोचला होता. १९५० साली त्याने सुमो सोडला, १९५३ मध्ये जपानची व्यावसायिक कुस्ती संघटना उभी केली आणि युद्धात हरलेल्या देशाला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अमेरिकन मल्लांना लोळवून दाखवले. आपले दारासिंग त्याच्याशी लढले आहेत. पण योकोझुना पदावरून या रिंगमध्ये आलेले मल्ल अकेबोनोपूर्वी मोजकेच होते, आणि त्यांची कहाणी फारशी सुखाची नाही. चौदा विजेतेपदे मिळवलेला वाजिमा आर्थिक अडचणींमुळे संघटनेबाहेर पडला, १९८६ साली आपल्या गावाकडच्या नानाओ शहरात पंजाबी मल्ल टायगर जीतसिंग याच्याविरुद्ध जपानमधली पहिली लढत खेळला आणि दोनच वर्षांत थांबला. फुताहागुरो हा तर एकही विजेतेपद नसताना योकोझुना झाला आणि वस्तादाशी भांडण होऊन १९८७ साली सुमोतून बाहेर पडला. व्यावसायिक कुस्तीत तो कोजी किताओ या मूळ नावाने उतरला, आणि १९९१ साली जॉन टेंटा या आणखी एका माजी सुमो मल्लाशी खेळताना लढत मध्येच मोडून, ध्वनिक्षेपक हातात घेऊन, हे सगळे ठरवलेले असते असे प्रेक्षकांना ओरडून सांगितले. त्याला काढून टाकण्यात आले. त्याला वाटणारी लाज मी समजू शकतो. मात्र समोर उभ्या असलेल्या जोडीदाराचा त्याने केलेला अपमान मला क्षम्य वाटत नाही.

अकेबोनोने असे केले नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याची खरी थोरवी इथून सुरू होते. ३ एप्रिल २००५ रोजी लॉस एंजेलिस येथे रेसलमेनिया या अमेरिकन व्यावसायिक कुस्तीच्या एकविसाव्या सोहळ्यात तो बिग शो या महाकाय अमेरिकन मल्लाशी सुमोच्याच नियमांनी खेळला आणि जेमतेम मिनिटभरात जिंकला. तो एक प्रसंग होता, करमणुकीपुरता. त्याच वर्षी तो ऑल जपान या संघटनेच्या रिंगमध्ये आला. जायंट बाबाने १९७२ साली स्थापन केलेली ही संघटना आपल्या जड, दीर्घ आणि कष्टाच्या लढतींसाठी ओळखली जाते. तिथे अकेबोनो पुन्हा एकदा, पस्तिशी उलटल्यावर, नवशिक्यांच्या रांगेत उभा राहिला.

व्यावसायिक कुस्तीचा पहिला धडा पडण्याचा असतो. पाठ, खांदे आणि हात एकदमच चटईवर टेकवायचे, हनुवटी छातीशी ओढून डोके वाचवायचे आणि आघात सगळ्या अंगावर वाटून घ्यायचा. सुमोतही नव्या मुलाला मातीत लोळून पडायला शिकवतात, पण वर चढता चढता पडणे हा पराभव होतो आणि योकोझुना झाल्यावर तो डाग ठरतो. आपल्या कुस्तीत तर पाठ टेकली की निकालच लागला; पैलवानाची सारी उमर ती पाठ वाचवण्यात जाते. ज्याचे अंगच न पडण्यासाठी घडले आहे त्याने दोनशेहून अधिक किलोंचा देह स्वेच्छेने पाठीवर टाकायचा, तोही समोरच्या लहान मल्लाचा डाव लोकांना खरा वाटावा म्हणून, हे किती अवघड असेल याची कल्पना तालमीत घाम गाळलेल्या माणसाला पटकन येईल.

याबद्दल आमच्या वस्तादांशी माझा वाद झाला. ते सत्तरीच्या पुढचे आहेत, आयुष्यभर जत्रांच्या फडात खरी कुस्ती धरली आहे, आणि संगनमताने खेळलेल्या कुस्तीचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. मी अकेबोनोची लढत दाखवली तेव्हा ते म्हणाले, "अरे, ही नुरा कुस्ती. यात पैलवानकी कुठली आली?" मी त्यांना म्हटले, "वस्ताद, नुरा कुस्तीत लोक फसतात, कारण त्यांनी खऱ्या जोडीसाठी तिकीट काढलेले असते. इथे बघणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे की निकाल ठरलेला आहे. तो बघायला येतो ते कसब." त्यांना ते पटले नाही, आजही पटलेले नाही, आणि त्यांच्या निष्ठेचा मी आदर करतो. ज्या नाशिक जिल्ह्यातल्या कोठुरे गावच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब घडवला आणि ज्या नाशिकसाठी हर्षवर्धन सदगीरने २०२० साली महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तिथल्या जुन्या वस्तादाने मातीच्या निकालालाच प्रमाण मानावे हे योग्यच आहे. तरी त्या दिवशी त्यांनी ती लढत शेवटपर्यंत पाहिली, आणि अकेबोनो उचलून आपटला गेला तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, "मान बरोबर राखली त्याने." वस्तादांची नजर निकालाकडे नव्हती, अंगाकडे होती, आणि ती बरोबर जागी गेली होती.

ऑल जपानमध्ये त्याने आपला सुमो टाकून दिला नाही, त्याचा उपयोग कसा करायचा ते शोधून काढले. कोपऱ्यात अडकवलेल्या मल्लावर सारे अंग घेऊन धडकणे, छातीवर उघड्या तळव्यांचे ते जुने ढकले, आणि शेवटी पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर वरून अंग झोकून देणे, एवढ्या मोजक्या हत्यारांवर त्याने लढती उभ्या केल्या. गुडघे साथ देत नव्हते म्हणून तो कमी हालला आणि प्रत्येक हालचालीला वजन दिले. र्योता हामा या दुसऱ्या माजी सुमो मल्लाबरोबर त्याने जोडी जमवली. त्या दोघांच्या लढतींत मला जो आनंद दिसतो तो त्याच्या योकोझुनाकाळातील चेहऱ्यावर क्वचितच दिसतो. मग ऑक्टोबर २०१३ मध्ये सुवामा या मल्लाला हरवून तो संघटनेच्या सर्वोच्च ट्रिपल क्राउन किताबाचा मानकरी झाला. योकोझुना राहिलेल्या मल्लाला तो किताब यापूर्वी कधी मिळाला नव्हता. आजारपणामुळे २०१४ साली तो सोडावा लागला, तेव्हा २०१५ साली त्याने संघटनेची चॅम्पियन कार्निव्हल ही मानाची साखळी स्पर्धा जिंकली आणि किताब पुन्हा मिळवला. निकाल ठरलेले असतात हे मान्य केले, तरी संघटना आपला सर्वोच्च किताब कोणाच्या हाती देते याला अर्थ असतोच. ज्याच्यावर लढतीचा भार टाकता येतो, ज्याच्या हाती इतर मल्लांची शरीरे सुरक्षित असतात आणि ज्याला पाहायला लोक येतात, त्यालाच तो दिला जातो. चाळिशी उलटलेल्या अकेबोनोने हा विश्वास वर्षानुवर्षे लहानमोठ्या गावांचे दौरे करून मिळवला होता.

एप्रिल २०१७ मध्ये क्यूशू बेटावर अशाच एका दौऱ्यात असताना त्याची प्रकृती अचानक ढासळली आणि काही काळ त्याचे हृदय बंद पडले. तो वाचला, पण स्मृतीवर मोठा आघात झाला आणि पुढची वर्षे उपचारांत गेली. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तोपर्यंत सुमोतले परदेशी योकोझुना ही नवलाई राहिली नव्हती. हवाईत वाढलेला मुसाशिमारू, मग मंगोलियाचे असाशोर्यू, हाकुहो आणि त्यांच्यामागून इतर मंगोलियन मल्लांनी ते पद मिळवले होते, आणि त्यांतील कोणालाही कोनिशिकीला विचारला गेलेला प्रश्न तितक्या उघडपणे ऐकावा लागला नाही. हे अकेबोनोच्या पहिल्या कारकिर्दीचे देणे आहे आणि ते सर्वांना मान्यही आहे. दुसऱ्या कारकिर्दीची वाट मात्र त्याच्यानंतर कोणत्याही योकोझुनाने धरलेली नाही. तालमीतल्या मुलांना मी आता नागोयाच्या त्या छायाचित्राऐवजी जुलै १९९३ ची निर्णायक फेरी आणि ऑक्टोबर २०१३ ची सुवामाविरुद्धची लढत, या दोन चित्रफिती त्याच क्रमाने दाखवतो. दुसरी पाहताना त्यांनी अकेबोनोच्या हनुवटीकडे आणि खांद्यांकडे लक्ष द्यावे, एवढेच सांगतो. त्यांच्यापैकी दोघांनी त्यानंतर चटईवर तसे पडून पाहायला सुरुवात केली आहे, आणि वस्तादांनी त्यांना अजून थांबवलेले नाही.